एका वेळी एकच विद्यार्थी

त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गाची हजेरी घेत होते. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईल दोनदा थरथरला, मग थोड्या वेळानं तिसऱ्यांदा. उलटून पाहिलं तर सुनीताचं नाव. सुनीता म्हणजे अंबादास अण्णांची मुलगी. शाळेच्या वेळेत ती मला कधीच फोन करत नाही... मी मोबाईल पुन्हा पालथा ठेवला आणि उरलेली नावं सावकाश, एकेक करून घेतली. मुलं ‘हजर’ म्हणत होती आणि मी मनाशी म्हणत होते, अजून मला कुणी काही सांगितलेलं नाही. हजेरी संपली तेव्हा मात्र इलाज उरला नाही. व्हरांड्यात जाऊन फोन लावला. “ताई, अण्णा गेले,” सुनीता म्हणाली. “उठल्यावर चहा मागितला. म्या चहा घेऊन येईपर्यंत...” मला रडू आलं नाही. दीड वर्ष ज्या फोनची धास्ती घेऊन मी जगत होते तो आज आला, एवढंच कळलं. त्याला आता सहा आठवडे होतील. अजूनही मोबाईल थरथरला की मी तो आधी पालथा ठेवते. आता कुणाचा फोन यायचा राहिलाय, हे माझं मलाच सांगता येत नाही.

अण्णा भूम आगारात एसटीचे कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं निवृत्तीनंतर ते खरोखरचे मास्तर झाले तरी लोकांना हाक बदलावी लागली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाचा तरी वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला, वर्षभर एकटेच रानोमाळ हिंडत तो शिकले, आणि मग ज्याला हवं त्याला शिकवू लागले. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. त्यांचे नियम दोनच. शिकवणी उघड्यावर होणार आणि एका वेळी एकच विद्यार्थी घेणार. “दोघं आले की एकमेकांचेच फोटो काढत बसतेत,” ते म्हणायचे. त्यामुळं त्यांच्याकडं आणखी कोण शिकतं हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नव्हतं. बांधावर, तळ्याकाठी, माळावर अण्णा आणि समोरचा एक माणूस, बस्स.

मी त्यांच्याकडं गेले ती फोटोच्या हौसेनं नव्हे. त्याच्या वर्षभर आधी एकदा मी एका सहकारी बाईंच्या स्कूटीवर मागं बसून हायवेनं येत होते. एक ट्रक आम्हाला घासून गेला. बाईंचा पाय मोडला, मला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून मोठा रस्ता ओलांडायची वेळ आली की पाय जमिनीत रुतायचे, तळहात ओले व्हायचे, कानात नुसती घरघर. बसमधून पलीकडच्या अंगाला उतरावं लागू नये म्हणून मी दोन स्टॉप पुढं जाऊन वळसा घालून यायचे. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याला कळत असावं. भावानं दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता. एके दिवशी नवऱ्यानं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “अंबादास मास्तरांकडं जा. त्यानिमित्तानं बाहेर तरी पडशील.”

पहिल्याच सकाळी अण्णांनी मला भूमच्या बाहेर एका बाभळीखाली उभं केलं आणि मी काढलेले दहा-बारा फोटो पडद्यावर पाहिले. सगळे हललेले. मला वाटलं आता विचारतील, हात का थरथरतो. त्यांनी विचारलं नाही. “बाई, गाडीचं दार किती मोठं उघडलं ते ॲपर्चर. किती वेळ उघडं ठेवलं ते शटर. उजेड म्हंजी पाशिंजर. दार बारीक उघडलं तर जास्त वेळ उघडं ठेवा, तवा कुठं सगळे चढतेत.” मी विचारलं, मग आयएसओ? ते हसले. “उजेड कमी असला की आयएसओ वाढवायचा. फोटो येतो, पर त्यात दाणं दाणं, समदा कालवा. हां, सणाच्या गाडीवानी.” तीस वर्षं ज्यानं दार उघडलं-लावलं त्या माणसाला हे समजावून सांगायला पुस्तक लागलं नाही. मग त्यांनी मला कोपरं बरगड्यांना टेकवायला शिकवलं. “श्वास सोडा. निम्मा सुटला की थांबा. तवाच बोट दाबा.” पुढचे कित्येक रविवार मी श्वास सोडत आणि थांबत होते. फोटो हळूहळू स्थिर व्हायला लागले. शेळ्या, विहिरीचे काठ, उसाच्या पानावरचं दव... मी बोटं थरथरल्याशिवाय आख्खी सकाळ काढू शकते, हे मला त्या माळावर कळलं.

पाचव्या महिन्यात ते म्हणाले, “आता येरमाळ्याला हायवेवर जायचं. पळती गाडी धरायची.” धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं पळतं. मी नाही म्हणाले. डोकं दुखतंय म्हणाले. अण्णा माझ्याकडं पाहत राहिले. “बाई, रस्ता वलांडायचा न्हाय. आपून हिकडंच उभं ऱ्हायचं. म्या हाय न्हवं का.” म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. शेवटी मी गेले. कडेच्या खडीपासून चांगली दहा पावलं मागं त्यांनी मला उभं केलं. पहिला ट्रक गेला तेव्हा मी डोळेच मिटले. दहावा गेला तेव्हा उघडे होते. विसाव्याला मी कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि पडद्यावर पाहिलं तर ट्रकच्या कपाळावरची लिंबू-मिरची लख्ख आली होती. मी ओरडून मागं वळले, अण्णांना दाखवायला.

अण्णा खाली बसले होते. टोपी मांडीवर, चेहरा ओला, डाव्या हातानं सदरा मुठीत धरलेला. “काय न्हाय... गॅस झालाय,” म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. आमच्या अंगाला उजाड माळ. मी हात केले, एकही गाडी थांबली नाही. पलीकडं एक हॉटेल आणि त्याच्यापुढं दोन जीपा उभ्या. फोन करून कुणाला बोलवावं हे मला सुचलंसुद्धा नाही. मला फक्त तो रस्ता दिसत होता. दोन पट्टे, मधला दुभाजक, पुन्हा दोन पट्टे. मी त्यांनीच शिकवल्यासारखा श्वास सोडला, निम्म्यावर थांबले आणि पळाले. दुभाजकावर उभी राहिले तेव्हा दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि माझी साडी त्या वाऱ्यानं ओढली जात होती. मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही, वाटलं अण्णा आडवे झालेले दिसतील. उरलेले दोन पट्टे मी कसे ओलांडले ते आजही आठवत नाही. जीपवाल्याचा हात धरून ओढत होते एवढं आठवतं.

येरमाळ्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, जिभेखाली गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं की हे हृदयाचं आहे, आत्ताच्या आत्ता बार्शीला न्या. अण्णा हो हो म्हणाले. पण तासाभरानं रंग परत आला तसे उठून बसले आणि घरी जायचा हट्ट धरला. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस. “बाई, सुनीताला सांगू नका. ती मला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची न्हाय. म्या घरात बसलो की खलास झालो म्हनून समजा.” अण्णांची बायको फार आधी गेलेली, सुनीता घरीच शिवणकाम करायची, दोघं एकमेकांना धरून होते. मी मान हलवली. का हलवली? त्यांनी मला नुकताच एक रस्ता ओलांडून दिला होता, म्हणून असेल.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून फोन करायचा. अण्णा, लेन्स कशानं पुसू? अण्णा, बॅटरी रात्रभर लावली तर चालेल का? त्यांनी “हॅलो” म्हटलं की दिवस सुरू व्हायचा. अकराव्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. दुपारपर्यंत उचलला नाही. मी अर्धी रजा टाकून भूमला त्यांच्या घरी गेले. सुनीता मशीनवर बसली होती. अण्णा मोबाईल घरी विसरून दळण आणायला गेले होते. एवढंच होतं. पण मला आता ते पेलवेना, मी दारात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, “अकरा दिवस, ताई?”

सोलापूरला नेलं. दोन रक्तवाहिन्या बंद निघाल्या, त्या उघडल्या. हृदयाचा काही भाग मात्र कायमचा कमजोर झाला होता. तो कधी झाला असेल, हायवेवर की नंतरच्या अकरा दिवसांत, हे मी डॉक्टरांना विचारलं. तसं सांगता येत नाही, ते म्हणाले. मला ते उत्तर नको होतं. कुठलंही दुसरं चाललं असतं.

अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं. भेटायला गेले तर भिंतीकडं तोंड करून पडायचे. “बाईंना म्हनावं, शाळा हाय, शाळंत जावा,” असं सुनीताकरवी सांगायचे. चार महिने. मग एका रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी टोपी दिसली. “कॅमेरा घ्या,” ते म्हणाले. “लई दिस झाले. हात पुन्ना थरथरायला लागला आसंल.” झाल्या गोष्टीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी आम्ही जायचो. मी मुद्दाम सपाटीवरच्या जागा सुचवायचे, त्यांच्या मागं राहायचे, त्यांचा श्वास ऐकत. एकदा ते गर्रकन वळले. “बाई, तुमी फोटो काढायला आलाव का माजी नाडी बघायला?” हसले, पण मला हसता आलं नाही.

दहाव्याला नदीकाठी गेले तेव्हा गर्दीत तीन अनोळखी माणसांच्या खांद्यावर कॅमेरे दिसले. विधी उरकल्यावर आम्ही चौघं आपोआप एका झाडाखाली जमलो. भूममधले मेडिकल दुकानवाले शिवाजीराव, अणदूरला खंडोबापुढं भंडाऱ्याचं दुकान असलेला मल्हारी, आणि कॉलेजला जाणारी पल्लवी. अण्णांचे विद्यार्थी पहिल्यांदाच एकत्र. मग शिवाजीरावच म्हणाले, “मला माहीत होतं हो. सोलापूरला नेण्याच्याही बऱ्याच आधीचं सांगतो. डोंगर चढताना झाडाला धरून उभे राहिले. मला म्हणाले, सुनीताला सांगू नका.” मल्हारीनं चमकून वर पाहिलं. “मला बी तेच म्हनले. गेल्या जत्रंला.” पल्लवी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, “परंड्याच्या किल्ल्यावर. आत्ता, महिन्यापूर्वी. मी सांगितलं असतं तर...” आणि ती ओंजळीत तोंड घालून रडू लागली.

एका वेळी एकच विद्यार्थी. त्यांनी प्रत्येकाला एकटं गाठून तोच शब्द घेतला होता, आणि आम्ही प्रत्येकजण तो एकट्यानं वागवत होतो. आम्ही एकमेकांना ओळखत असतो तर? मी पल्लवीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मीपण अकरा दिवस गप्प होते.”

सुनीता आमच्या मागं येऊन उभी राहिली होती, आम्हाला कुणाला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही काय म्हणेल, म्हणून मी पल्लवीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. ती पल्लवीजवळ खाली बसली. “रडू नको. मला ठाऊक हुतं,” ती म्हणाली. “सोलापूरहून आल्यापासून जिभंखालच्या गोळ्या त्यांच्या खिशात असायच्या. सदरा धुवायला घेतला की म्या त्या मोजायचे. तुमच्यापैकी कुणाबरूबर तरी जाऊन आले की कधी एक कमी, कधी दोन. पर घरी आल्यावर त्या दिवशी भाकरी चवीनं खायचे, काढलेले फोटो दाखवायचे... मग म्या बी काय बोलले न्हाय. लेक आसून बोलले न्हाय, तर तुमी कशाला जिवाला लावून घेता?” बोलताना ती माझ्याकडं पाहत होती. त्या एका वाक्यानं माझे अकरा दिवस पुसले गेले असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली, हे खरं आहे.

गेल्या रविवारी सुनीता माझ्याकडं आली. गळ्यात अण्णांचा कॅमेरा. आयुष्यात तिनं त्याला हात लावला नव्हता, त्यांनी लावूही दिला नसता. “ताई, मला शिकवा,” म्हणाली. आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. कॅमेऱ्याचा पट्टा अण्णांच्या उंचीचा, घामानं कडक झालेला, त्याचं बक्कल तिच्यानं सरकेना. कॅमेरा तिच्या पोटावर आपटत होता. मी लहान करून देते म्हणाले तर तिनं पट्टा हातात धरला. “ऱ्हाऊ द्या तसाच.” ती पुढं निघाली, एका हातानं कॅमेरा पोटाशी धरून. पुढं चढ होता. मी मागून चालत होते आणि सवयीनं कान देत होते.

“सुनीता, धाप लागतीय का गं?”

“न्हाय.”

“खरं सांग.”

ती थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “लागतीय थोडी.”

मग आम्ही दोघी तिथंच, चढाच्या मध्यावर, एका दगडावर बसलो.