सरांना सलाईन लावलं नाही

सर गेले. माझ्याच ड्यूटीवर.

टाइप करतेय, पण डोकं चालत नाहीये. परवा ऑपरेशनला जाताना कॅन्टीनच्या चहाला नावं ठेवत गेलेला माणूस.

शिरीष सर आमच्या हार्ट आयसीयूचे प्रमुख. मूळचे परभणीचे. इतकी वर्षं हैदराबादेत काढली, तेलुगू अजून कामापुरतीच.

स्वतःच्या बायपासलाही आमच्याकडेच आले. "दुसरीकडे कशाला मरू? माझी पोरं इथं आहेत." पोरं म्हणजे आम्ही, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर.

ऑपरेशननंतर ते व्हेंटिलेटरवरच होते. आज दुपारी बीपी घसरायला लागलं.

अशा वेळी सगळ्यांचा हात आधी सलाईनकडे जातो. सरांच्या हाताखाली शिकलेल्यांचा नाही.

आधी बेडचं डोकं खाली, पाय वर. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं. त्यावर हृदय जोर धरतं का, ते मॉनिटरवर बघायचं. धरलं तर सलाईन. नाही धरलं तर तेच सलाईन फुप्फुसांत जाऊन बसणार.

"हातानं पाय उचलू नका रे, बेडला उचलू द्या," सर ओरडायचे. "पेशंटला दुखलं की बीपी खोटं वाढतं."

मी बटण दाबलं. सरांचे पाय वर गेले.

आकडा हलला नाही.

पुन्हा केलं. नाहीच हलला.

आमचा भूलतज्ज्ञ इम्रान एरवी किती शांत. त्याचा आवाज फाटला. "एक बाटली दे देते ना. सर हैं अपने."

"नक्को," मी म्हणाले.

इको केला, हृदयाची सोनोग्राफी. हृदयच थकलं होतं. औषधं वाढवली, सर्जन धावत आले, करायचं ते सगळं केलं. काही म्हणजे काही लागू पडलं नाही.

काकू, सरांच्या मिसेस, आंघोळीपुरत्या कुकटपल्लीला घरी गेल्या होत्या. त्या पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी समजावायला लागले. टेस्ट, आकडा, फुप्फुसं. 

काकूंनी विचारलं, "तोंडात पाणी तरी घातलंस का गं?"

तोंडात नळी होती, काकू. 

नळी काढली. सिस्टरनं चमचा आणून दिला. काकूंनी सरांच्या ओठांत पाणी सोडलं. ते गालावर ओघळलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि पुन्हा चमचा भरला.

सर, मी चुकले नाही, हे मला माहीत आहे.

त्याचा काहीच उपयोग होत नाहीये.

जड मनानं निरोप, सर.