रेंझोच्या बारमध्ये ‘पुरे’ म्हणू नका

लग्न होऊन स्टुटगार्टला आल्यावर थोड्याच दिवसांत उषा रेंझोच्या नावाने बोटं मोडायला लागली. रेंझो म्हणजे ब्राउनश्वाइगचा इटालियन कॉफीवाला. पन्नासच्या दशकात मी तिथे इंजिनियरिंग शिकत होतो, आणि वर्गापेक्षा त्याच्या बारमध्येच जास्त सापडायचो. (इटालियन लोक कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात, हे सासूबाईंना पत्रातून पटवताना माझी पुरेवाट झाली होती.) उषाची कॉफी तोंडाला लावली की मी म्हणायचो, रेंझोची सर नाही. शेवटी ती म्हणाली, “अहो, एकदा ती कॉफी पाजा तरी मला. नाहीतर ते नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.”

माझा हुकमाचा एक्काच पणाला लागला. शनिवारी सकाळी निघालो.

फ्रँकफुर्टवरून हानोव्हर, तिथे गाडी बदलायची. शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट तेव्हा स्वस्त पडायचं. शाकाहारी असाल तर खायला घरून न्या. वाटेत भाजीचं सूप मागितलं तरी त्यात हॅमचे तुकडे निघतात, आणि वाढणारी बाई ते मांस नव्हेच असं ठासून सांगते. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. समोरच्या गृहस्थांनी आधी खिडकी उघडली, मग डबाच बदलला.

ब्राउनश्वाइगचं नवं स्टेशन गावापासून इतकं लांब बांधलंय की ट्रामशिवाय गती नाही. एका साध्या पेन्सिऑनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, उतरलो. रविवारी दुपारी बारसमोर उभा राहिलो, तर पत्ता चुकला असंच वाटलं. खिडक्यांना लेसचे पडदे. आत गुबगुबीत खुर्च्यांवर, डोक्यावरच्या हॅट न काढता, आज्या केकवरचं क्रीम संपवत होत्या. ज्या मशीनच्या फुसफुसाटात आम्ही उभ्याने वाद घालायचो, त्याच्यावर जिरेनियमची कुंडी होती. आम्ही बाहेर बसलो. तिथे कप मिळत नाही, केन्शेनच घ्यावं लागतं, म्हणजे अख्खी किटली. किटली घेऊन रेंझो स्वतः आला. मला ओळखून त्याने गळामिठी मारली आणि कॉफी ओतली. तिच्यातून कपाचा तळ दिसत होता.

उषाने एक घोट घेतला आणि हळूच म्हणाली, “पुरे.”

हे तिला आधी सांगायला हवं होतं. इटालियनमध्ये ‘पुरे’ म्हणजे ‘अवश्य, घ्या की’. आम्ही मराठी पोरं दूध ओतताना पुरे-पुरे करायचो आणि रेंझो आणखी ओतायचा. तो शब्द ऐकून त्याचा चेहरा खुलला. त्याने तिचा कप काठोकाठ भरला, वर डब्यातलं दाट दूध घातलं. ती घाबरून पुन्हा पुरे म्हणाली, आणि बघता बघता किटली रिकामी झाली. बिचारीने सगळी प्यायली.

मशीनचं काय झालं, असं मी विचारलं.

“आल्झो,” रेंझोने अस्सल जर्मन माणसासारखी ‘तर मग’ने सुरुवात केली, “कप लहान म्हणाले, मोठा केला. कडू म्हणाले, पाणी घातलं. आवाज होतो म्हणाले, मशीन बंद केलं. आता कोणाची तक्रार नाही.”

“आणि तू कोणती कॉफी पितोस?”

“मी? पेपरमिंटचा चहा.”

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. गावातली एकुलती एक खरी कॉफी त्याने तक्रारपेटीत बुडवली होती. परतीच्या गाडीत उषा मला चिडवेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिने डबा उघडून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

सोमवारी सकाळी तिने कॉफी करून समोर ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. तुलनेला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ती कॉफी मी प्रथमच लक्ष देऊन प्यायलो. खरंच वाईट होती. पण आता सांगणार कोणाच्या जोरावर?