दिवेलागणीला उघडणारा राउटर

आधीच सांगतो, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी ‘काहीही काय!’ म्हणून उठून जाणारा माणूस आहे. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळ्या बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघायचो. लॉगमध्ये नोंद नाही तर ते घडलंच नाही, हा माझा धर्म. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता पुरे.

२००८च्या सुरुवातीची गोष्ट. जालन्यात आमचं बैठं घर, पुढे ओटा, मागे छोटं परसू. दिवाळीनंतर आई गेली. बायको बाळंतपणाला माहेरी, धावड्याला. घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेला, गाडीतल्या प्रत्येकाशी बोलणारा माणूस, पण आई गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं. मी कामावर निघालो की पुढच्या दाराला आतून कडी घालायचे, ती मी परत आल्यावरच निघायची. भेटायला आलेले लोक हाका मारून निघून जायचे. झाकून ठेवलेलं ताट तसंच असायचं. बाप डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं. भीती वाटायची, सरळ सांगतो.

मग मला जे येत होतं ते मी करत बसलो... नवा वाय-फाय राउटर आणला होता, त्याचं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या डोक्यातला प्रोग्राम, काढून टाकला आणि नेटवरून उतरवलेलं दुसरं घातलं. ते जास्त कडक होतं. लांबलचक पासवर्ड लावला, वर माझा एक लॅपटॉप सोडून कुणालाच प्रवेश नाही असं सेटिंग केलं. उघड्या वाय-फायवरून कुणी भलतंसलतं केलं की पोलीस घरमालकाच्या दारात, असं तेव्हा ऐकायला मिळायचं. एकच वाट मी स्वतःसाठी ठेवली — ऑफिसातून घरच्या राउटरचं पान उघडायची. ते उघडलं की कळायचं, घरी लाइट आहे. म्हणजे घरी पोचल्यावर अंधार दिसला, तर तो लोडशेडिंगचा नाही, अप्पाच दिवा न लावता बसलेत, हे ताडता यायचं. बसलेलेच असायचे.

संक्रांतीच्या सुमारास गडबड सुरू झाली. संध्याकाळी ऑफिसातून पान उघडेना. घरी येऊन बघतो तर माझी बाहेरून यायची वाट बंद, आणि वाय-फाय सताड उघडं! पासवर्ड नाही, काही नाही. सगळं पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

तुम्ही जे जे सुचवाल ते सगळं मी करून पाहिलं. फर्मवेअर पुसून नव्याने घातलं. पासवर्ड बदलला. ठरावीक वेळेला आपोआप काही करायला सांगितलंय का, ते तपासलं... तिथे रिकामं. लाइटच्या झटक्याने होत असेल म्हणून यूपीएस लावला. शेवटी कंपनीचं मूळ फर्मवेअर परत टाकलं, तरी तेच. अप्पांवर संशय घ्यावा, तर त्यांना टीव्हीचा रिमोट धड जमत नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप वायरने जोडून समोरच बसलो. बाहेर उजेड कमी झाला, समोरच्या घरात दिवा लागला. पान रिफ्रेश केलं... दोन्ही सेटिंगं पालटलेली. लॉग कोरा. आणि त्याच्या घड्याळात वेळ बघतो तर १९७० साल! नेटवरून वेळ घ्यायचं सेटिंग मी भरलंच नव्हतं. म्हणजे त्या डबड्याला किती वाजले हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तरी संक्रांतीनंतर दिवस जसा तीळतीळ वाढत गेला, तशी सेटिंगं पालटायची वेळही पुढे सरकत गेली. अंगावर काटा आला, पण कबूल कोण करणार?

पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवरून घरी पोचलो, तर आमच्या ओट्यावर साळवे मावशी बसलेल्या. मावशी शेजारच्या, शाळेत शिक्षिका, आईची जिवाभावाची मैत्रीण. मांडीवर लॅपटॉप, त्यात पुण्याला शिकणारी त्यांची पल्लवी बोलत होती. मागे आमचं दार बंद.

“सुनील, रागवू नको बाबा,” मावशी म्हणाल्या. “तुमचं नेट संध्याकाळी मोकळं राह्यतं. घरात रेंज येत न्हाई, म्हून इथं येऊन बसले.”

मी पासवर्ड द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात लॅपटॉपमधून पल्लवी ओरडली, “आई, ओट्यावर हायेस ना? मंग अप्पांना इचार की, जेवले का? काकू गेल्यापून कुनी इचारतं का न्हाई त्यांना?”

आत काहीतरी सरकलं. कडी वाजली. दार उघडून अप्पा उभे राहिले, दाढी वाढलेली, डोळे किलकिले करत.

“न्हाई जेवलो, पोरी,” म्हणाले. मग मावशींकडे वळले. “बाई, आत या. दिवे लागायच्या टायमाला पायरीवर न्हाई बसायचं. तिला बिलकुल आवडायचं न्हाई.” आणि मला म्हणाले, “तू उभा काय राह्यला? जल्दी जा, मागचं दार लाव आधी. म्होरचं उघडं ठेवायचं तर मागचं लावावं लागतं. लक्ष्मी म्होरून येती अन् मागून निघून जाती, रोज सांगायची तुझी आई. इसरला?”

मी मागच्या दारापाशी गेलो आणि कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. माझी बाहेरून यायची वाट... ती मागचं दार. वाय-फाय, पुढचं. आई रोज जे करायची, तेच इतके दिवस कुणीतरी करत होतं. मला तिथेच रडू फुटलं. पुढच्या खोलीत अप्पा पल्लवीला मेसमध्ये काय काय मिळतं ते विचारत होते.

त्या संध्याकाळपासून दिवेलागणीला पुढचं दार अप्पा स्वतः उघडायला लागले, आणि राउटरची सेटिंगं पुन्हा कधीही पालटली नाहीत. एकदाही नाही. फर्मवेअर तेच, राउटर तोच.

अप्पा अजून बरीच वर्षं जगले, नातवंडांना खेळवून गेले. आता दार मी उघडतो. इथे कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो... खरं-खोटं करणं अगदी सोपं आहे. तो राउटर अजून चालतो. एका संध्याकाळी पुढचं दार लावून घ्यायचं आणि त्याचं पान उघडून बघायचं, बस्स. ज्याचा धर्म लॉग, त्याने हे कधीच करायला हवं होतं.

मी आजवर केलेलं नाही. सेटिंगं पालटली तर काय, ही भीती नाही. नाही पालटली तर काय, ही आहे.