केबिनला वळसा

कारखान्यात त्यांना सगळे बुडबुडेबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंचे कान तिखट होते.

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षं बाईंचं काम एकच: पंपातून पाणी कसं वाहील ते आधी कॉम्प्युटरवर वाहवून बघायचं. दाब फार पडला की थंड पाणीही उकळतं, बुडबुडे उठतात आणि फुटताना लोखंडाचे लचके तोडतात. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "गॅसशिवाय पाणी उकळतं? मग आपला सिलिंडर महिनाभरात कसा संपतो?"

एकदा एका कागद गिरणीतून तक्रार आली, पंपात खडे वाजतायत. तिथल्या फिटरकाकांनी पंप दोनदा उघडला. खडा एकही नाही, आतला पंखा मात्र वाळवी लागल्यासारखा खाल्लेला. बाईंनी तीन आठवडे हिशेब चालवला. पडद्यावर औषधालाही बुडबुडा नव्हता. त्यांनी पत्रानं कळवून टाकलं, 'पंपात दोष संभवत नाही.'

फिटरकाकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला इकडे पाठवा. त्यालाही ऐकू दे."

हे बाईंना झोंबलं. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः गेल्या. पंप असा कडकडत होता, जणू कुणी दगड भरडतंय. गिरणीनं पाठवलेला नकाशा हातात धरून त्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या मागे चालू लागल्या. नकाशात पाइप सुतासारखा सरळ. इथे तो डावीकडे वळला, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, परत डावीकडे. मधे काचेची कोरी करकरीत खोली.

"हे काय?"

"मॅनेजरसाहेबांची केबिन."

"पाइपच्या वाटेत?"

"नाही मॅडम," काका म्हणाले, "पाइपच केबिनच्या वाटेत आला."

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं: चार वळणांत पाण्याचा दाब पडत होता. बाईंना हसूही आलं आणि लाजही वाटली. एकोणीस वर्षांत पाइप डोळ्यांनी बघावा असं कधी सुचलंच नव्हतं. टेबल एकच होतं, केबिनमधलं. तिथेच बसून त्यांनी चारही वळणं हिशेबात घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरच्या पंख्याला गोवर उठल्यासारखे बुडबुडे आले.

"म्हणजे चूक पंपाचीच ना?" साहेबांनी आशेनं विचारलं.

"पंप बिचारा उपाशी आहे, साहेब. त्याच्या पाण्याच्या वाटेत आपण बसलोय."

फिटरकाका छताकडे बघू लागले.

"पंप हलवता येईल?" साहेबांनी विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. "मग टाकी हलवावी लागेल. टाकीबरोबर भिंत."

"आणि केबिन?"

"दोन तासांत!" काका इतक्या चटकन बोलले की साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

केबिन आवाराच्या कडेला गेली. पाइप सरळ झाला, नवा पंखा बसला आणि पंप गुमान चालू लागला. परतल्यावर बाईंच्या वरिष्ठांनी सुचवलं, पहिल्या पत्राचा विषय आता काढायलाच नको. बाईंनी काढला. 'पाइप न बघता मत दिलं, ते चुकीचं होतं,' असं लिहून खाली ठळक सही केली, आणि गिरणीचं पाकीट स्वतः पोस्टात टाकून आल्या.