रिकामी जमीन

"ऊठ. खुर्ची पूस आधी."

सरांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं. कारखान्याचे दोन साहेब नकाशा पाहायले आले होते. एकाले माह्या खुर्चीवर बसायचं होतं. मी ओढणीनं पुसाले गेली तर म्हणाले, "ओढणीनं नको. बीरगांवची आहे, अजून काळं करेल." साहेब हसले. मी कागदानं पुसली.

सर तात्यापाऱ्यातले, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतले. भोसल्यांच्या काळापासूनचं मराठी घर. आम्ही मागून आलेलो, विदर्भातून. माहे बाबा लोखंडाच्या भट्टीवर लागले अन् तिथंच, कारखान्यांच्या काजळीत, बीरगांवात राहिले. मी सरांच्या ऑफिसात कम्प्युटरवर नकाशे बनवत होती. कारखाना वाढवायचा असला की परवानगीच्या कागदांना असा नकाशा जोडावा लागते. कुठं तलाव, कुठं शाळा, कुठं वस्ती. वस्ती जवळ निघाली की परवानगी अडते.

त्या दिवशीचा नकाशा आमच्याच बाजूचा होता. चिमणीजवळ आमचा पारा, म्हणजे आमची वस्ती, मी भरला होता. सरांनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, हे काढ, रिकामी जमीन दाखव.

मी म्हटलं, "सर, तिथं लोकं राहतात. मी राहते."

"जागेचा पट्टा आहे तुमच्याकडे? नाही ना. मग तू तिथं राहत नाहीस."

मी माऊस सोडला. म्हटलं, तुम्हीच काढा. त्यांनी काढला. एक बटण दाबलं, बस. त्या घडीले माहे बाबा त्या घरात खाटेवर बसून होते. आडवं झालं की दम लागे त्याईले, म्हणून बसूनच झोपत.

मी बॅग उचलली. परत गेली नाही.

रडली नाही. डोक्यात नुसती आग. ऑफिसात ज्यावरून नकाशे बनवत होती, तेच आकाशातून काढलेले फोटो फुकट मिळतात. घरीच नकाशा उघडला. शेजारची सुखवंतीन दीदी अन् मी, फोन घेऊन दारोदार फिरलो. कोणाच्या छतावर राख पडते, कोणाच्या नळाले लाल पाणी येते, कोण खोकते, सगळं नकाशावर भरलं. बाया त्याईच्या बोलीत विचारत, "एखर से का होही?" यानं काय होईल? मले पुण्य कमवायचं नव्हतं. मले त्या माणसाचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं.

मग जुने मंजूर नकाशे शोधून त्यावर ठेवले. जिथं जिथं रिकामी जमीन, तिथं तिथं बिनपट्ट्याचा पारा. एकूणएक. चुकीनं असं होत नाही.

कारखान्याच्या जनसुनावणीले मंडपात आमचा नकाशा कापडावर छापून टांगला. त्यापुढं बाया उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यानं सरांना विचारलं, तिथं वस्ती आहे की नाही? सर कागद चाळत राहिले. तोंड उतरलं. मी पोटभर पाहिलं.

मंजुरी अडली. जुनी चिमणी चालूच आहे. त्याच हिवाळ्यात बाबा गेले, बसल्या बसल्या.

तेराव्यानंतर मी नकाशात एक गोष्ट वाढवली. पुसलेल्या प्रत्येक पाऱ्यावर, तो पुसून सही करणाऱ्याचं नाव. पहिलं नाव सरांचं. नकाशा सगळीकडे फिरला, तसा त्यांचा फोन आला.

"बेटा, आपण मराठी माणसं. नाव तेवढं काढ."

म्हटलं, "नाही काढत."

आता पलीकडचे पारे भरून राहिली आहे. तिथल्या कागदांवर कोणाच्या सह्या आहेत, मले माहीत आहे. एकेकाचं नाव लिहीन. त्याईच्या पोराईनं, नातवाईनं वाचलं पाहिजे. पाया पडले तरी खोडणार नाही.