आधी चेष्टा तर कर

“आधी चेष्टा तर कर!” असं म्हणून ती खडू पुढे करायची. समोरचा मुलगा गणित सुटत नाही म्हणून रडकुंडीला आलेला असायचा. तिच्या चेहऱ्यावर मात्र थट्टेचा मागमूस नसायचा.

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिचे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. तिचे वडील तिथे जन्मले, ती तिथे जन्मली. घरात मराठीच बोलत, पण तीन पिढ्यांत त्या मराठीत बंगाली असं मुरलं होतं की कुठला शब्द कुठला हे घरातल्या कोणाच्या ध्यानात येत नसे. “भय पावू नकोस,” असं ती म्हणे तेव्हा जुन्या पोथीतलं वाक्य ऐकल्यासारखं वाटे. उन्हातून आलेल्याला म्हणे, “आधी पाणी खाऊन घे.” आम्ही बदलीवर आलेल्यांची मुलं. सुरुवातीला बुचकळ्यात पडायचो, महिन्याभरात अर्थ कळायचा, आणि मग तिला दुरुस्त करण्याची गरज कोणालाच वाटत नसे. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांच्या चुका आपल्याला इतक्या सवयीच्या होतात की त्या त्यांना सांगायच्या राहूनच जातात.

तिच्या वडिलांचा कलकत्त्याच्या बेहाला भागात, घराला लागूनच, छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्यांची लेबलं, असली कामं. रविवारी यंत्र बंद असे आणि सकाळपुरती ती खोली आमची होई. कागदाच्या रिमांवर बसायचं, छपाईच्या खिळ्यांच्या खणांना टेकवून ठेवलेल्या फळ्याकडे बघायचं. उठताना कोणाच्या तरी कपड्यांना शाई लागलेली असायचीच. साठचं दशक संपून सत्तरचं लागलं होतं. ती एम.एस्सी.ला होती, गणित घेऊन. आम्ही कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले. आम्ही तिला ताई म्हणायचो.

तिचा वर्ग म्हणून सगळीकडे माहीत असला तरी ती क्वचितच शिकवायची. पहिल्या वर्षाच्या मुलाला दुसऱ्या वर्षाचा शिकवी. ती कोपऱ्यात बसून ऐके. मी एकदा विचारलं, “तूच का शिकवत नाहीस?”

“मला कळून पाच वर्षं झाली. मी कुठे ठेचकाळले होते ते आता आठवतसुद्धा नाही. तुला गेल्या साली कळलंय. तुझी ठेच ताजी आहे.”

“आणि माझं चुकलं तर?”

“तो तुला धरील. तुला धरायला मिळेल म्हणून तरी नीट ऐकेल.”

त्या वर्षांत कलकत्त्यात शिकणं सरळ नव्हतं. राजकीय दंगलींमुळे कॉलेजं मध्येच बंद होत, परीक्षा पुढे जात. त्यावर ती मतं देत नसे. परीक्षा पुन्हा लांबल्याची बातमी कोणी आणली की म्हणे, “बरं झालं. इंटिग्रेशन कच्चं होतं.”

दिलीप त्याच सुमारास साताऱ्याहून आला. त्याचे वडील रेल्वेत अधिकारी. गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत ते आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर राहत. मुलगा हुशार, पण कॉलेजात त्याला काहीच कळेना. मुलं बंगालीत बोलत. प्राध्यापक इंग्रजीत शिकवत, पण त्यांच्या तोंडून व्हेलॉसिटी भेलोसिटी होऊन येई, आणि दिलीप हा नवा प्रकार पुस्तकात शोधत बसे. पहिल्या चाचणीत तो नापास झाला. वडिलांनी निर्णय सांगितला: वार्षिक परीक्षेतही हेच झालं तर कॉलेज बंद, परत साताऱ्याला, काकांच्या भांड्यांच्या दुकानात. दिलीपला शिकायचं होतं. जिन्यात उभा राहून त्याने मला हे सांगितलं. पुढच्या रविवारी मी त्याला बेहालाला नेलं.

ताईने त्याच्यापुढे खडू धरला.

“मला नाही जमणार,” दिलीप म्हणाला.

“आधी चेष्टा तर कर. भय पावू नकोस. आम्ही सगळे मिळून चेष्टा करू, मग बघ!”

मागे कोणीतरी, बहुधा दुसऱ्याच कशाला तरी, हसलं. दिलीपने खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, दारात जाऊन चपला घातल्या आणि तो निघून गेला.

ती गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्यामागे गेली आणि परत आली. “काय झालं रे त्याला? मी तर काही बोललेसुद्धा नाही.”

आता सांगणं भाग होतं. “ताई, मराठीत चेष्टा म्हणजे टवाळी.”

“कोणत्या मराठीत?”

“सगळ्याच.”

तिने एकेकाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाही तो मान खाली घाली.

“म्हणजे दर रविवारी मी तुम्हाला...”

“आम्हाला कळायचं तुला काय म्हणायचंय ते.”

“तुम्हाला कळायचं. मला कुठे कळत होतं?” तिने चपला घातल्या. मग म्हणाली, “चल, त्याच्या घरी.”

“आत्ता?”

“नाही तर काय, तो साताऱ्याला पोचल्यावर?”

दिलीपच्या वडिलांनी दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, कपाळाला आठी. दिलीप आतल्या खोलीत होता आणि बाहेर यायला तयार नव्हता. त्याच्या आईने आम्हाला पाणी आणून दिलं.

“काका,” ताई म्हणाली, “मी बोलते ते मराठी नाही, असं मला आजच कळलं.”

“छे, छे, छान बोलता की तुम्ही.”

“छान असतं तर मुलगा पळाला असता का? थांबा, आधी पाणी खाते, मग सगळं सांगते.”

पडद्यामागून आवाज आला, “पाणी पितात. खात नाहीत.”

ताईने पेला खाली ठेवला. “बघा, येतं की त्याला शिकवायला! आणखी काय चुकतं रे माझं?”

“भय पावत नाहीत. घाबरतात.” दिलीप पडद्याबाहेर आला होता. डोळे लाल होते. वडील तोवर वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले होते.

“मग असं करू. तू मला मराठी सांगायचं. गणित तुला हा सांगेल.” तिने माझ्याकडे बोट केलं.

“आणि तू?” मी विचारलं.

“मी चुकत जाईन.”

तसंच झालं. मी फळ्यापाशी उभा राहून दिलीपला शिकवी, आणि कोपऱ्यातून ताई काही बोलली की दिलीप मान न वळवता तिची चूक काढी. तिच्या चुका संपत नसत. त्यातल्या सगळ्याच खऱ्या होत्या का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. दिलीप मात्र स्वतः अडला की आता मोठ्याने सांगू लागला. “आधी प्र... प्रयत्न तर कर,” असं ती एकदा अडखळत म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, “ताई, राहू दे. तू चेष्टाच कर.” सगळे हसले. सर्वांत उशिरापर्यंत तीच हसत होती.

परीक्षा पुढे गेली. मग आणखी एकदा गेली. दिलीपचे वडील जिन्यात मला अडवून म्हणाले, “हे असंच चालायचं असेल तर काकांना कळवून टाकतो.” मी निरोप पोचवला. ताई स्वतः जाऊन त्यांना सांगून आली, “परीक्षा होईपर्यंत थांबा. तो पळालेला नाही, आता तुम्ही पळू नका.” एका बावीस वर्षांच्या मुलीचं हे बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं.

परीक्षा झाली. दिलीप पास झाला; गणितात तर चांगल्या गुणांनी. वडील संदेश मिठाईचा खोका घेऊन छापखान्यात आले.

“शिकवणारे सर कुठे आहेत?”

ताईने मला पुढे केलं.

“हा? हा तर आमच्या जिन्यात क्रिकेट खेळतो!” मग ते तिच्याकडे वळले. “असो. पुढच्या वर्षीही त्याला तुम्हीच सांभाळा.”

“नाही काका. नवीन मुलं आलीत. आता तो शिकवील.”

“अहो, आत्ता कुठे त्याचा पाय जमिनीला लागलाय!”

“म्हणूनच.”

दिलीपने दोघांकडे पाहिलं आणि खडू उचलला. त्याची पहिली दोन उदाहरणं चुकली. वडील तो सगळा वेळ खोका मांडीवर घेऊन रिमेवर बसून होते. जाताना त्यांच्या पांढऱ्या पँटला मागे शाई लागलेली होती. ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

पुढे ताईला आसनसोलच्या एका मुलींच्या कॉलेजात नोकरी लागली. दुर्गापूजेनंतर जाईन, एवढंच ती म्हणाली होती. पूजा झाली. त्यानंतरच्या एका रविवारी तिच्या वडिलांनी खोली उघडून दिली, वर्ग सुरू झाला, आणि मधल्या वेळी तिची आई चहा घेऊन आली.

“ताई उठली नाही अजून?” मी विचारलं.

“ती गेली रे. सकाळच्या गाडीने. म्हणाली, सांगितलं तर सगळे हावड्याला येतील नि वर्ग बुडेल.”

मी उठून उभा राहिलो. आणखी दोघे-तिघे उठले. कुठे जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. दिलीप फळ्यापाशी होता, गणित अर्ध्यावर आलेलं. नुकतीच नागपूरहून आलेली एक मुलगी, जिने ताईला दोनदाच पाहिलं होतं, वहीतून मान वर न करता म्हणाली, “दादा, ही चौथी ओळ कुठून आली?”

दिलीप दाराकडे बघत होता. मग तो फळ्याकडे वळला आणि तळहाताने चौथी ओळ पुसली.

“थांब,” तो म्हणाला. “माझंच चुकलं असेल. तिसरीपासून परत बघू.”

आम्ही पुन्हा खाली बसलो.