किल्ल्याचं दार जावयाने उघडलं

माझ्या थोरल्या दिरांनी चित्रांचा सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा मला त्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ते नागपुरात महालातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात सासूबाई, ते, मी आणि कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला असलेले माझे यजमान, एवढीच माणसं.

चित्रांचा सिनेमा म्हणजे काय, हे भाऊजींनी एका संध्याकाळी सासूबाईंना समजावून सांगितलं. घोडा धावताना दाखवायचा तर त्याची पुष्कळ चित्रं काढायची, प्रत्येकात पाय थोडा पुढे. एकेक चित्राचा फोटो घ्यायचा आणि ते फोटो भरभर पडद्यावर टाकायचे, की घोडा धावतो. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग खराच घोडा का नाही धावडवत?

विषय त्यांनी निवडला तोही असा, की त्यात घोडे कमी पडू नयेत. आपल्याच मुलखातला एक राजा, त्याचा डोंगरी किल्ला, किल्ल्याला पडलेला वेढा, आतल्या एकाची फितुरी आणि शेवटी मोठी लढाई. राजाला नाव द्यायचं नाही, हे मात्र त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. नाव दिलं की वंशज निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या मागच्या पडवीत हा कारखाना सुरू झाला. चित्रं प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यांवर काढायची असतात आणि तसे पत्रे नागपुरात मिळत नव्हते. भाऊजींच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी जुने एक्स-रे गठ्ठ्यांनी दिले. ते कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घासले, की हाडं निघून जायची आणि निळसर पत्रा उरायचा. घासायचं काम माझ्याकडे आलं. नवी सून म्हणून मला स्वयंपाकात तरबेज करायचं सासूबाईंच्या मनात होतं, पण मी तरबेज झाले ती अनोळखी लोकांच्या बरगड्या घासण्यात. काही बरगड्या इतक्या चिवट होत्या, की जायच्याच नाहीत. भाऊजी म्हणायचे, राहू द्या, घोड्याच्या पोटाखाली झाकून जाईल.

खरी अडचण चेहऱ्यांची होती. घोडा, हत्ती, बुरूज त्यांना मनाने काढता येत, पण माणसाचा चेहरा समोर माणूस असल्याशिवाय जमत नसे. म्हणून ते लग्नामुंजीत कोपऱ्यात बसून पाहुण्यांचे चेहरे कागदावर उतरवून आणू लागले. अशा रीतीने आमचे सगळे नातेवाईक शत्रूच्या फौजेत भरती झाले. मी एकदा विचारलं, की आपली माणसं राजाच्या बाजूने का नाही घेतली? ते म्हणाले, राजाच्या फौजेत घेतलं तर प्रत्येकजण विचारील, मी सरदार काहून नाही. शत्रूच्या फौजेत कोणी हुद्दा मागत नाही.

तीन-साडेतीन वर्षांनी सिनेमा पुरा झाला. चांगला अर्धा तास चालायचा. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा त्यांनी एका मित्राकडून आणला होता, तोफांच्या धुरासाठी यजमानांनी कोराडीहून डबाभर राख आणली होती आणि आवाज आम्ही घरच्यांनीच दिले होते. राजा स्वतः भाऊजी, राणी मी, आणि सगळे घोडे माझे यजमान.

पहिला खेळ मे महिन्यात शाळेच्या सभागृहात ठेवला, सकाळच्या वेळी. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. नातेवाईक, शेजारी, शाळेतले गुरुजी, बाया, सगळे आले. सावनेरहून नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे घरचे जावई, खास आले होते. जावईबापू कापसाचे शेतकरी, बोलणं मोजकं, मिशी टोकदार, आणि मानपानाला एकदम पक्के. त्यांना पहिल्या रांगेत, हात असलेल्या खुर्चीवर बसवलं.

अंधार झाला आणि पडद्यावर निळा किल्ला उभा राहिला. एक्स-रेचा निळेपणा गेलाच नव्हता, त्यामुळे भर दुपारची लढाईसुद्धा चांदण्यात चालल्यासारखी दिसत होती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, की वा, काय चांदणं धरलं आहे. भाऊजींनी ते ऐकून घेतलं आणि खुलासा केला नाही.

पण आवाज वेगळ्या टेपरेकॉर्डरवर होता आणि चित्र वेगळ्या यंत्रावर. थोड्याच वेळात दोघांची फारकत झाली. राजाने तलवार उपसून तोंड उघडलं आणि आतून माझा आवाज आला, की महाराज, आरती तयार आहे. त्यानंतर राणी खिंकाळली. लोक हसू लागले. त्यात भर म्हणजे उकाडा असह्य झाला म्हणून शाळेच्या शिपायाने कूलर लावला, त्या घरघरीत काहीच ऐकू येईना. सभागृहात दोन पक्ष पडले. एकाला वारा पाहिजे, दुसऱ्याला आवाज. वाऱ्याचा पक्ष जिंकला.

मग शत्रूची फौज आली. पहिल्या ओळीतल्या भालाइताला पाहून धंतोलीच्या मामी म्हणाल्या, की हे तर आमचे हे. मामांनी चष्मा पुसून पाहिलं आणि मान्य केलं. त्यानंतर लढाई कोणी पाहिलीच नाही. जो तो फौजेत आपल्या माणसाला शोधत होता. एक काका तोफेच्या गोळ्याने पडले तेव्हा काकूंनी चुकचुकून त्यांच्या मांडीवर थोपटलं. काका शेजारीच बसले होते. इतिहासाचे एक निवृत्त मास्तर तेवढे मोठ्याने सांगत होते, की त्या काळी अशा पगड्या नव्हत्या. आणि एका घोड्याच्या पोटात न निघालेली बरगडी स्पष्ट दिसली, त्यावर कोणीतरी म्हणालं, की बरोबर आहे, वेढा पडलेला, त्याले चारा कुठून मिळन?

अशा हसऱ्या वातावरणात किल्ल्याच्या चोरदरवाज्यापाशी एक माणूस आला. हातात पलिता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, अडसर काढला, आणि वळला. त्याचा चेहरा पडदाभर झाला. टोकदार मिशी, जुळलेल्या भुवया. सभागृहातलं हसू एकाएकी थांबलं. कूलरची घरघर तेवढी राहिली. मला हा चेहरा ठाऊक होता, कारण तो रंगवलाच मी होता. पण पत्र्यावर तो वीतभर होता आणि त्याचा मालक दूर सावनेरला होता. इथे तो भिंतीएवढा झाला होता आणि खाली त्याचा मालक बसला होता.

पुढे दहा मिनिटं सिनेमा चालला. शेवटी फितूर हत्तीच्या पायाखाली सापडला. दिवे लागले तेव्हा सगळे पडदा सोडून जावईबापूंकडे पाहत होते. ते उठले, त्यांनी उपरणं झटकलं आणि चपला कुठे आहेत, एवढंच विचारलं.

घरी जेवणाला आमरस होता. पंगत बसली, सासूबाईंनी स्वतः वाढलं. जावईबापूंनी रसाच्या वाटीला हात लावला नाही. मे महिन्यात, सासुरवाडीला, जावयाने रस तसाच ठेवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. शेवटी जावईबापू ताटाकडे पाहत बोलले.

"लोक जावयाले धोतरजोडी देतात. तुमी मले दगाबाज केलं."

भाऊजी मनापासून बोलणारे माणूस होते, ते त्यांचं नेहमीचं संकट. ते म्हणाले, की सगळ्या नात्यात तुमचाच चेहरा उत्तम जमला होता आणि दार उघडतो तिथे कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो, तिथे साधारण चेहरा चालला नसता. ही तारीफ आहे, हे त्यांना खरोखर वाटत होतं. जावईबापूंनी हात धुतले. दुपारच्याच बसने दोघं निघाले. नणंद उंबऱ्यापाशी माझ्या कानात म्हणाली, "पण काय दिसत होते वं ते." आणि पटकन नवऱ्यामागे गेली.

पंधरवड्याने जावईबापू एकटेच आले. आम्हाला वाटलं, आता नातं तुटतं. पण ते पाटावर बसले, पाणी प्याले, आणि हळूहळू कळलं, की सावनेरात वेगळंच झालं होतं. बातमी त्यांच्या आधी गावात पोहोचली होती. ज्याला त्याला एवढंच ऐकू आलं होतं, की हे सिनेमात आहेत. फितुरीचं कोणाला काही नव्हतं. बाजारात लोक थांबवून विचारत होते, की आमच्या गावात कधी दाखवता. त्यांच्या आईला मात्र फितुरीपेक्षा दुसराच घोर लागला होता. जिवंत पोराला हत्तीखाली दिलं, त्याला बाहेर काढा, एवढं तिचं मागणं होतं.

जावईबापूंनी तोडगा आणला होता. चेहरा राहू द्या, दार उघडणं राहू द्या, मरणंही राहू द्या. पण मरायचं ते राजाच्या बाजूने.

भाऊजींनी साफ नकार दिला. इतिहास बदलता येत नाही, असं ते म्हणाले.

"कोन्या राजाचा इतिहास?" जावईबापूंनी विचारलं.

राजाला नाव नव्हतं. चार वर्षांत एवढा नेमका प्रश्न भाऊजींना कोणी विचारला नव्हता.

मग पडवीत पुन्हा चुली पेटल्या आणि मी पुन्हा बरगड्या घासायला बसले. नवा प्रसंग असा ठरला, की किल्ला जळताना पाहून फितुराला पश्चात्ताप होतो, तो माघारी धावतो आणि शत्रूच्या हत्तीला आडवा होतो. पश्चात्तापाचा चेहरा मनाने काढता येणार नव्हता. म्हणून जावईबापू दर बुधवारी सावनेरहून यायचे आणि पडवीत स्टुलावर बसून पश्चात्ताप करायचे. तो काही केल्या जमेना. कधी पोटात दुखल्यासारखा दिसे, कधी उधारी मागायला आल्यासारखा. माझे यजमान म्हणाले, तुम्ही खरंच काही चुकल्याचं आठवून पाहा. जावईबापू म्हणाले, की असं काही त्यांच्या हातून झालेलं नाही.

सासूबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तो पांढरा बैल विकला होता तुमी, कपाळावर चांद असलेला. त्यानं वळून पाह्यलं होतं म्हणे."

जावईबापूंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने वर पाहिलं तेव्हा भाऊजींचा हात झरझर चालू लागला. सासूबाई सूप उचलून आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी जावयासाठी पुरणाचा घाट घातला. ते पोटभर जेवले.

थंडीत सावनेरला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात खेळ लावला. दोन बांबूंमध्ये पांढरं कापड बांधलं होतं. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. इथे फौजेतल्या मामा-काकांना कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे लोकांनी लढाई नीट पाहिली. या वेळी यजमानांनी टेपरेकॉर्डर बोटाने आवरत आवरत चालवला आणि राजा बहुतेक वेळ राजाच्याच आवाजात बोलला. तो राजा आमच्याच बाजूचा, असं दोन गावांनी ठरवून टाकलं आणि त्यावर थोडी बाचाबाचीही झाली. फितुराने दार उघडलं तेव्हा बायांनी बोटं मोडली. आणि तो हत्तीसमोर उभा राहिला तेव्हा आवारात चिडीचूप झालं. जावईबापूंच्या आई डोक्यावरचा पदर ओढून रडत होत्या, पण मला वाटतं, त्या खुशीत होत्या.

खेळ संपल्यावर एक म्हातारा शेतकरी काठी टेकत जावईबापूंपाशी आला. त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून म्हणाला, "मरतेवेळी एवढी अक्कल होती, त दार उघडलंच काहून गा?"

सगळे ऐकू लागले. मला वाटलं, जावईबापू हसून वेळ मारून नेतील. पण त्यांनी दोन्ही हात जोडले.

"चुकलं बुवा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

त्यानंतर दोन हिवाळे तो सिनेमा गावोगाव फिरला आणि जावईबापू दर खेळाला सोबत गेले. म्हाताऱ्याचा प्रश्न प्रत्येक गावात कोणीतरी विचारायचंच. त्यांचं उत्तर मात्र बदलत गेलं. कुठे किल्ल्यात मीठ संपलं होतं, कुठे राजाने पंगतीत मान दिला नव्हता. बुटीबोरीकडच्या एका गावात मी स्वतः ऐकलं. ते अगदी गंभीरपणे सांगत होते, की बाहेर पाहिलं तर सारी फौज सासरच्या लोकांची. सासरची माणसं दाराशी आली तर त्यांना उभं कसं ठेवायचं?

भाऊजी मात्र पुढे पुढे सिनेमा बघतच नसत. यंत्र चालू करून दिलं की ते पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसायचे. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. पुढच्या सिनेमाला चेहरे लागतील, म्हणायचे. पुढचा सिनेमा काही त्यांनी काढला नाही. पण सावनेरच्या जावयाची हकीकत तोवर सगळीकडे पसरली होती, त्यामुळे पुढच्या रांगेतली माणसं थंडी नसली तरी उपरण्याने तोंड झाकून बसू लागली.